बांगलादेशातील ऋतुमान व भातशेती

गंगा, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या गाळाने बनलेला बांगलादेशाचा बराच भाग समुद्रसपाटीपासून फारसा उंच नाही. वर्षातील सुमारे चार-पंचमांश पाऊस जून ते ऑक्टोबरमध्ये पडतो. त्यावर ‘आमन’ भात पोसते; हिवाळ्यात ओलिताखाली ‘बोरो’ घेतात. पुरापेक्षाही शेतकऱ्यास भय असते ते चक्रीवादळांचे. ती बहुधा एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. म्हणजे नेमके बोरो कापणीस आले असता आणि आमन निसवत वा पक्व होत असता. १२ नोव्हेंबर १९७० च्या वादळात किमान ३ लाख माणसे दगावली. ओसरणारे समुद्राचे पाणी शेतात मीठ ठेवून जाते. कोकणात बांध फुटलेल्या खारजमिनीप्रमाणेच, पुढील पावसाने ते धुऊन निघेपर्यंत तेथे भात नीट वाढत नाही.