खुकरीच्या बॉयलरखोलीतील माणसे

भारत-पाकिस्तान युद्धातील कराचीवरील क्षेपणास्त्रहल्ल्यांच्या वार्तेने अवघा देश हर्षभरित झाला होता, त्याच आठवड्यात, म्हणजे 9 डिसेंबर 1971 च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे 40 सागरी मैलांवर आय. एन. एस. खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडी हंगोरच्या पाणतीराने भेदली गेली आणि काही मिनिटांतच समुद्राच्या तळाशी गेली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्यासह गेले. 6 अधिकारी व 61 नौसैनिक तेवढे बचावले आणि दुसऱ्या दिवशी कच्छल या नौकेने त्यांना पाण्यातून उचलले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याचा जगातील हा पहिलाच प्रसंग होता.

खुकरीचे कप्तान, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकास दिले आणि नौका न सोडता तिच्यासह जलसमाधी घेतली, हे बचावलेल्यांनी सांगितले आहे. मरणोत्तर महावीरचक्र त्यांना मिळाले, 2000 साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले, आणि हा सन्मान सर्वस्वी उचित होय. परंतु एका तेजस्वी मृत्यूच्या प्रभेत उरलेले 193 मृत्यू आपल्या स्मृतीतून झाकोळले जावेत, हे मला सहन होत नाही. आमच्या इंदूरच्या सांवेर रोडवर, जिथे कारखान्यामागून कारखाना उभा आहे, बॉयलरसमोर पाळी केलेल्या कोणाही कामगारास हे समजावून सांगावे लागणार नाही, की उष्ण लोखंडाच्या त्या कोंडलेल्या जागेतून बाहेर पडायला किती वेळ लागतो. खुकरी ही वाफेवर चालणारी नौका होती. तिच्या अधोभागात, अरुंद शिड्यांच्या तळाशी, कितीतरी माणसे आपापल्या जागी तैनात होती, आणि कप्तानास निदान निवड करण्याचा जो क्षण लाभला तो त्यांतील बहुतेकांच्या वाट्याला आलाच नसावा.

ही नौका त्या रात्री त्या पाण्यात का होती, याचा तपशील दुःखद असला तरी सांगितला पाहिजे. पश्चिम किनाऱ्यालगत शत्रूच्या पाणबुडीचा सुगावा लागल्यावर तिचा शोध घेऊन तिला नष्ट करण्याच्या कामगिरीवर, मुंबईस तळ असलेल्या चौदाव्या फ्रिगेट पथकातील खुकरी आणि किरपाण या दोन नौका 8 डिसेंबरला रवाना झाल्या. पथकातील तिसरी नौका कुठार बॉयलरखोलीतील स्फोटामुळे आधीच निकामी होऊन ओढून आणावी लागली होती. खुकरी ब्रिटनमध्ये बांधली गेलेली, 1958 साली नौदलात दाखल झालेली. तिच्यावरील सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालील वस्तू हुडकणाऱ्या यंत्रणेचा पल्ला फ्रेंच बनावटीच्या त्या नव्या पाणबुडीच्या श्रवणयंत्रांपुढे तोकडा होता, म्हणजे शिकाऱ्यापूर्वी सावजालाच चाहूल लागत होती. तशात सोनारची क्षमता वाढविण्यासाठी लेफ्टनंट व्ही. के. जैन या तरुण अधिकाऱ्याने तयार केलेल्या उपकरणाचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी नौकेचा वेग मंद ठेवण्यात आला होता. जैनही त्याच रात्री गेले. दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या उणिवेवर ते उपाय शोधीत होते ती त्यांनी निर्माण केलेली नव्हती. उत्तर द्यायचे ते अपुऱ्या साधनांनिशी त्यांना रवाना करणाऱ्या हुकुमाने. श्रद्धांजली वाहताना हा प्रश्न विचारू नये, असा एक संकेत आपल्याकडे रूढ आहे; तो मला मान्य नाही. हुतात्म्यांच्या घरच्यांना गौरवाइतकाच खुलाशाचाही हक्क असतो.

हंगोरचा शोध चार दिवस घेतला गेला. ती निसटली, आणि आज कराचीच्या नौदल संग्रहालयात जतन केलेली आहे.  दीवला समुद्राकाठच्या टेकडीवर काचेच्या मखरात खुकरीची प्रतिकृती असलेले स्मारक 1999 साली उभे राहिले. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या दुसऱ्या खुकरीने 1989 पासून 2021 पर्यंत सेवा बजावली, आणि निवृत्तीनंतर तीही दीवच्याच प्रशासनाच्या स्वाधीन झाली. त्या नौकेवर येणाऱ्या पाहुण्यांना मार्गदर्शन करणाऱ्याने कप्तानाची कथा अवश्य सांगावी. परंतु पहिल्या खुकरीवर बॉयलरखोलीत, यंत्रखोलीत आणि सोनारकक्षात त्या रात्री कोण कामावर होते, हेही नावानिशी सांगावे, आणि त्यांच्या हाती दिलेली यंत्रे कोणत्या पल्ल्याची होती, तेही.