शिजलेले अन्न आणि सरलेला वेळ

आजारी माणसास भेटावयास जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. कोणी घरून मऊ भात व वरणाचा डबा आणतो, कोणी पेढे आणतो. आईवडिलांच्या पुण्यतिथीस अथवा नातवाच्या वाढदिवसास सर्व रुग्णांना गोडाचे जेवण द्यावे, अशी इच्छा अनेक देणगीदार आमच्याकडे व्यक्त करतात. या भावनेविषयी आम्हांस मनापासून आदर आहे. तथापि बाहेर शिजविलेले अन्न रुग्णकक्षात वाटण्यास आम्ही नम्रपणे नकार देतो आणि घरच्या डब्यावरही वेळेचे बंधन घालतो. या नियमाने काही स्नेही दुखावतात. ‘आमच्या घरचे अन्न काय अशुद्ध आहे?’ हा प्रश्न कार्यालयात वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्याजोगे नाही; यास्तव यंदाच्या अहवालातील ही पाने त्यासाठी राखली आहेत.

आमचा आक्षेप कोणाच्या घरावर नाही, स्वयंपाक करणाऱ्यांच्या निष्ठेवर तर मुळीच नाही. अन्न चुलीवरून उतरल्यापासून रुग्णाच्या मुखात जाईपर्यंत जे तास लोटतात, त्या तासांविषयी आम्ही साशंक असतो. गेल्या सव्वाशे वर्षांतील संशोधनाने ही शंका कशी दृढ केली, ते पाहण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील वैद्यकांचा समज असा होता, की अन्न सडू लागले म्हणजे त्यात विषारी द्रव्ये निर्माण होतात व त्यांनी माणूस आजारी पडतो. इटालियन रसायनशास्त्रज्ञ सेल्मी यांनी या द्रव्यांना ‘टोमेन’ असे नाव दिले होते. हा समज खरा असता तर आपले नाक हेच उत्तम परीक्षक ठरले असते. पण १८८८ साली जर्मनीतील फ्रँकेनहाउझेन या गावी एका आजारी गायीचे मांस खाऊन पन्नासहून अधिक माणसे आजारी पडली व एक तरुण दगावला. ऑगस्ट गेर्टनर या शास्त्रज्ञांनी त्या मांसातून आणि मृत तरुणाच्या प्लीहेतून एकच जिवाणू वेगळा करून दाखविला. आज आपण त्यास साल्मोनेला या कुळातील मानतो. रोगाचे कारण सडणे नव्हे, तर विशिष्ट जिवाणू होय, हे यातून स्पष्ट झाले. असे जिवाणू अन्नाचा वास, रंग किंवा चव बदलतातच असे नाही. ‘वास घेतला, चांगलेच होते’ हे अन्नविषबाधेच्या रुग्णाकडून ऐकू येणारे वाक्य म्हणूनच खोटे नसते. ते फक्त निरुपयोगी असते.

यानंतरचा धडा अधिक सूक्ष्म आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ मार्शल बार्बर हे फिलिपीन्समध्ये काम करीत असताना एका शेतावरील दूध प्याल्यावर पाहुण्यांचे पोट बिघडते, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. गायीचे ताजे दूध प्याले तर काहीही होत नसे; तेच दूध त्या उष्ण हवेत काही तास ठेवून प्याले, की उलट्या व जुलाब सुरू होत. गाय तीच, दूध तेच, भांडेही तेच. बदलला होता तो केवळ वेळ. त्या गायीच्या कासेत स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू होता आणि दूध नुसते ठेवल्याने त्यास वाढून विष तयार करण्यास अवधी मिळत होता. हे निष्कर्ष १९१४ साली प्रसिद्ध झाले, पण त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९३० साली शिकागो येथे गेल डॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी नाताळच्या केकमधून झालेल्या विषबाधेचा शोध घेतला. त्यांनी या जिवाणूंची वाढ केलेला द्रव असा गाळून घेतला, की त्यात एकही सजीव जिवाणू उरू नये. तो द्रव घेणारे स्वयंसेवकही आजारी पडले. म्हणजे अपाय करणारा जिवाणू नव्हे, तर तो अन्नात सोडून गेलेले विष होते.

या विषाचा एक गुणधर्म गृहिणींनी व आचाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. उकळण्याने जिवाणू मरतो, पण हे विष टिकून राहते. अन्न शिळे झाले तरी ‘एक चांगली उकळी आणली की झाले’ ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री येथे अपुरी पडते. हा जिवाणू येतो तरी कोठून? दर दहा निरोगी माणसांपैकी दोन-तीन जणांच्या नाकात तो सुखेनैव वास करीत असतो. बोटावरील लहानशा पिकलेल्या जखमेत तर त्याची वस्ती दाट असते. हाताने मळून, वळून केलेले आणि नंतर पुन्हा आचेवर न चढणारे पदार्थ त्यास प्रिय आहेत. खव्याचे पेढे व बर्फी त्यांतच मोडतात. पेढ्यांविषयी आम्ही इतके काटेकोर का, याचे हे कारण आहे.

आता भाताकडे वळू. १९४७ ते १९४९ या काळात नॉर्वेतील ऑस्लो येथे रुग्णालयातील रुग्ण व कर्मचारी आजारी पडण्याचे प्रकार घडले. बाधितांची संख्या सुमारे ६०० होती. संशय गोड पदार्थासोबत दिलेल्या व्हॅनिला सॉसवर होता. हा सॉस आदल्या दिवशी शिजवून रात्रभर तसाच बाहेर ठेवलेला होता. स्टाइनार हाउगे यांनी त्यातून बॅसिलस सेरेअस हा मातीत सर्वत्र आढळणारा जिवाणू शोधला. पुराव्यासाठी त्यांनी हा जिवाणू मुद्दाम वाढविलेला सॉस स्वतः प्राशन केला आणि काही तासांनी पोटदुखी व जुलाबांनी ते हैराण झाले. जिवाणू सॉसमध्ये आला होता तो मक्याच्या पिठातून. हा जिवाणू प्रतिकूल काळात कठीण कवचाचे बीजाणू बनवितो आणि हे बीजाणू शिजविण्याने मरत नाहीत. उलट, बाकीचे जिवाणू मेल्यामुळे रान मोकळे होते व अन्न कोमट झाले की बीजाणू रुजतात.

तांदळातही हेच बीजाणू असतात. १९७१ नंतर इंग्लंडमध्ये चिनी उपाहारगृहांतील परतलेल्या भातामुळे उलट्यांचे अनेक प्रकार नोंदले गेले. तेथे सकाळी अथवा आदल्या रात्री भात शिजवून तो मोकळा राहावा म्हणून बाहेरच ठेवीत आणि मागणीप्रमाणे तेलावर परतून देत. पुढे या उलट्यांमागील विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले, तेव्हा असे दिसले, की ते १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवूनही नष्ट होत नाही. आपल्या प्रेशर कुकरमधील वाफेचे तापमान याहून अधिक नसते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी घातलेली असेल, आणि काही झालेही नसेल. फोडणीच्या भाताला आमचा विरोध नाही! भात उरताच परातीत पसरून निववून लगेच फ्रीजमध्ये ठेवला असेल तर सकाळचा फोडणीचा भात निर्धोक. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला असेल तर मात्र फोडणी त्यास वाचवीत नाही.

बीजाणूंचा विषय निघालाच आहे, म्हणून प्रसूती विभागातील आजींसाठी दोन शब्द. नवजात बाळास मध चाटविण्याची प्रथा आपल्याकडे आहे. मधात क्वचित बोट्युलिझम या रोगाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यांत ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यांत रुजू शकतात व बाळाचे स्नायू लुळे पडतात. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, हा आमचा आग्रह त्यासाठी आहे.

सामुदायिक भोजनाची गोष्ट आणखी वेगळी. इंग्लंडमधील बेटी हॉब्ज व सहकाऱ्यांनी १९५३ साली क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचा संबंध मोठ्या प्रमाणावर आगाऊ शिजवून सावकाश निवू दिलेल्या मांसाशी जोडून दाखविला. सुमारे ४५ अंशांच्या ऊबेत हा जिवाणू अवघ्या दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. घरातील पातेले तासाभरात निवते. शंभर माणसांचे तपेले वरून गार लागले तरी मध्यभागी कित्येक तास उबदार राहते. आचारी आणि भांडी तीच असली, तरी दहा जणांच्या स्वयंपाकाचे शास्त्र शंभर जणांच्या स्वयंपाकास लागू पडत नाही. हाच जिवाणू बाजूस ठेवून साधा हिशेब करू. दर वीस मिनिटांस दुप्पट होणारा एक जिवाणू सकाळी सहास अन्नात शिरला, तर अनुकूल स्थितीत दुपारी एक वाजेपर्यंत त्याचे वीस लाखांहून अधिक झालेले असतात. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती येथे पातेल्यात घडते.

हे सर्व निरोगी माणसासही लागू आहे. मग रुग्णालयातच एवढी कडक शिस्त कशासाठी? जठरातील आम्ल हा शरीराचा पहिला पहारेकरी होय, आणि आमच्या अनेक रुग्णांना आम्ल कमी करणारी औषधे चालू असतात. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोगावरील उपचार, वार्धक्य व गर्भारपण यांत प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असते. घरी एक दिवसाच्या जुलाबांवर निभावते ते येथे जिवावर बेतू शकते. १९८४च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील वेकफील्ड येथील स्टॅनले रॉइड या मनोरुग्णालयात भाजलेले मांस स्वयंपाकघरात उन्हाळ्याच्या दिवसात तासन्‌तास बाहेर राहिले. साल्मोनेलाची बाधा होऊन साडेचारशेच्या वर रुग्ण व कर्मचारी आजारी पडले आणि १९ रुग्ण दगावले. त्या वेळी तेथील सरकारी रुग्णालयांची स्वयंपाकघरे अन्नविषयक कायद्यापासून मुक्त होती. सार्वजनिक चौकशीनंतर १९८७ साली ही सूट काढून घेण्यात आली. पुढे २०१९ साली त्याच देशात रुग्णालयांना पुरविलेल्या बंद सँडविचमधून लिस्टेरिया पसरला व काही रुग्णांचा मृत्यू झाला. हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो; तेव्हा फ्रीज हीदेखील अमर्याद हमी नव्हे. दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केला. त्या मृतांत सव्वा लाख पाच वर्षांखालील बालके आहेत.

याच संघटनेच्या मार्गदर्शनानुसार आमच्या स्वयंपाकघरातील शिस्त बेतलेली आहे. गरम अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली, आणि या दोहोंच्या मध्ये शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक राहू द्यावयाचे नाही. उरलेले अन्न निववायचे तर ते उथळ ताटांत पसरून. हे बोलण्यास सोपे वाटले तरी त्यासाठी तापमापके, गरम ठेवणाऱ्या गाड्या, शीतकपाट व खंड न पडणारी वीज लागते. देणगीदारांच्या साहाय्याचा एक भाग अशा न दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च होतो. त्यांच्यावर नावाची पाटी लावता येत नाही, याची आम्हांस जाणीव आहे.

आमच्या वाडवडिलांना जिवाणू ठाऊक नव्हते, पण टिकाऊपणाचे मर्म ठाऊक होते. प्रवासास दशम्या नेत, आमटी नेत नसत. पाणी कमी आणि मीठ, साखर अथवा आंबट भरपूर असेल तेथे जिवाणूंचे फारसे चालत नाही. म्हणून चिक्की, राजगिऱ्याची वडी, भाजलेल्या रव्याचे कोरडे लाडू व अख्खी केळी-संत्री आणण्यास आमची हरकत नसते. पथ्य तेवढे आहारतज्ज्ञांना विचारून घ्यावे. चिरलेली फळे, ओल्या खोबऱ्याची चटणी, खव्याची मिठाई व मलईचे पदार्थ कृपया आणू नयेत. अन्नदानाची इच्छा असणाऱ्यांनी धान्य, डाळी अथवा एका दिवसाच्या भोजनाचा खर्च द्यावा. त्या दिवशी ठरलेला गोड पदार्थ आमच्याच स्वयंपाकघरात शिजवून गरम वाढला जातो आणि दात्यांनी येऊन स्वहस्ते वाढल्यास आम्हांस आनंदच होतो. घरचा डबा द्यावयाचा असल्यास तो शिजल्यापासून दोन तासांच्या आत रुग्णापर्यंत पोहोचावा, आणि उरलेले अन्न संध्याकाळसाठी उशाशी ठेवू नये. डब्यावर स्वयंपाक उतरविल्याची वेळ लिहिण्यासाठी कोऱ्या चिठ्ठ्या चौकशी खिडकीवर ठेवलेल्या आहेत.