सही करण्याआधी तिने विचारले



गेल्या २६ नोव्हेंबरला आमच्या तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे बोलावणे आले. संविधान दिनाचा कार्यक्रम होता. दिवस कापूस वेचणीचे, त्यामुळे पालक चार-पाचच आले होते. व्हरांड्यात एक लांब पांढरा कपडा बांधलेला. वर निळ्या रंगाने घटनेची उद्देशिका लिहिलेली (आमच्या वेळी तिला सरनामा म्हणत) आणि खाली मोकळी जागा. मुलांनी रांगेने यायचे आणि सही करायची.

कल्पना चांगलीच म्हणायची. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या २८४ सदस्यांनी अशाच सह्या केल्या होत्या, इंग्रजी प्रतीवर आणि हिंदी प्रतीवर. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेली, हिंदी वसंत कृष्ण वैद्य यांनी. पाने सजवली नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी. आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या समितीचे सदस्य होते. पुढे त्यांनी केंद्रात शेतीखाते सांभाळले. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातून मी बी.एस्सी. झालो, म्हणून एवढे सांगितले.

तर रांग चालली होती. सातवीतली एक मुलगी पेन हातात घेऊन उभीच राहिली. मागची मुले ढकलू लागली. मॅडम म्हणाल्या, ‘कर गं लवकर.’

‘आबाजी म्हणतात, समजल्याबिगर सही करायची नाही.’

‘अगं, रोज परिपाठाला वाचतो ना आपण?’

‘वाचतो मॅडम. पण समजलं कुठं?’

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. तिच्या आजोबांना मी ओळखतो. भावकीतल्या एकाच्या इंजिनाच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. कागद न वाचताच त्यांनी सही केली. तो माणूस गाव सोडून गेला आणि वसुलीची नोटीस यांच्या दारात आली. बैलजोडी विकून त्यांनी ते फेडले. आणि दुसरे कारण माझे स्वतःचे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत फवारणी पंपांच्या एका योजनेत मी वीसेक शेतकऱ्यांच्या ‘साहित्य मिळाले’ अशा पावत्यांवर आधीच सह्या घेऊन ठेवल्या. पंप पुढच्या आठवड्यात येणार, असे वरून सांगितले होते. ते हंगाम संपल्यावर आले, आणि तेही सगळ्यांना पुरले नाहीत. एक म्हातारा माझ्यासमोर आपल्याच सहीकडे बोट दाखवून विचारत होता, ‘साहेब, मी खोटा का हे खोटं?’ त्याला मी आजवर उत्तर दिलेले नाही.

मुलांच्या सहीने कायद्याने काही अडकत नाही हे खरे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सज्ञान नसलेल्याला करार करताच येत नाही. पण सवय लागते. न वाचता सही करण्याची सवय शाळेतच लावायची असेल, तर सोसायटीत आणि बँकेत तिचे पीक येणारच.

मॅडमचे कौतुक हे की त्यांनी रांग थांबवली. मुलांना खाली बसवले आणि मला म्हणाल्या, ‘सर, तुम्हीच सांगा.’ मी शेतीचा माणूस, घटनेचा पंडित नव्हे. जमेल तसे सांगितले. सार्वभौम म्हणजे आपल्या वावरात काय पेरायचे ते बांधापलीकडच्याने ठरवायचे नाही. गणराज्य म्हणजे पूर्वी पाटीलकी बापाकडून मुलाकडे जायची, तशी राष्ट्रपतींची खुर्ची वारशाने जात नाही. इथवर ठीक चालले. मग संधीची समानता आली.

तीच मुलगी म्हणाली, ‘म्हणजे मला आठवीला जायला भेटेल का?’

गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे, पण तिथे जाणारी गाडी शाळेच्या वेळेला नाही. मागच्या दोन वर्षांत सातवी झालेल्या मुलींपैकी निम्म्या वेचणीला जातात. पाठीमागून एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या ताईची शाळा सुटली. माझी नाही सुटणार.’ त्याला वाटले आपण आनंदाची गोष्ट सांगतो आहोत.

मी तिला जे आहे ते सांगितले. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या दहा कर्तव्यांत अकरावे घातले. ते मुलांचे नाही, आईवडिलांचे आहे. ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी द्यायची. कर्तव्य बापाचे आणि सही मुलीची, हे मला तिथे बोलतानाच खटकले. मागे बसलेल्या पालकांनीही मान खाली घातली, की मलाच तसे वाटले, सांगता येत नाही.

मग तिने विचारले, ‘सर, सही नाही केली तर?’

मुख्याध्यापकांचा चेहरा जरा आक्रसला. मी केरळची हकिकत सांगितली. तिथे तीन भावंडे राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घ्यायला लावले, कारण याच घटनेने त्यांना तसे स्वातंत्र्य दिले होते. ‘तेव्हा सही नाही केलीस तरी तू शाळेतच राहशील,’ मी म्हणालो. मुख्याध्यापकांनीही मान हलवली.

तिने त्या दिवशी सही केली नाही. कपडा तसाच राहू दिला.

संध्याकाळी हरभऱ्याचा प्लॉट पाहून परतताना तिच्या घरावरून गेलो. आबाजी ओट्यावर, तिचे वडील नुकतेच वावरातून आलेले. आबाजींनी मला बसवले, चहा सांगितला आणि म्हणाले, ‘साहेब, पोरगी म्हणते बापाचं कर्तव्य कुठीसं लिहेल हाय. कुठी हाय?’

मी काही बोलण्याआधीच ती घरातून पाठ्यपुस्तक घेऊन आली. सुरुवातीच्या पानांवर, जिथे आपण कधी पाहत नाही, तिथे मूलभूत कर्तव्ये छापलेली असतात. तुमच्या घरच्या पुस्तकातही असतील, काढून बघा. आबाजींनी पुस्तक हातात घेतले, चष्मा नसल्याने मुलाच्या हाती दिले आणि म्हणाले, ‘मोठ्यानं वाच.’

त्याने वाचले. अकरावे वाचून झाल्यावर आबाजी म्हणाले, ‘हे पुन्हा वाच.’