ब्रेकची परीक्षा चौथ्या वळणावर

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर तिसरं वळण संपलं की एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा लागतो आणि त्याच्या टोकाला चौथं वळण येतं. 2011 ते 2013 या तीन वर्षांत इथे फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या. हौशी चालकही इथे रोजच्या वापरातली स्वतःची गाडी आणतात, फी भरतात, हेल्मेट चढवतात आणि पाळीपाळीने ट्रॅकवर फेऱ्या मारतात. हा ‘ट्रॅक डे’. यात शर्यत नसते, फक्त आपली गाडी आणि आपण किती पाण्यात आहोत ते समजतं. पुण्या-मुंबईच्या मंडळींना नोएडा लांब पडतं. ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी स्पीडवेला जातात, आणि तळेगावजवळचा नानोलीचा ट्रॅक तर घरचाच.

अशा दिवशी पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं सगळं लक्ष इंजिनाकडे असतं. गाडी मात्र आधी ब्रेकमध्ये हरते. यामागचा हिशेब साधा आहे. चालकासह 1200 किलोची छोटी हॅचबॅक ताशी 180 किलोमीटरवरून 80 वर आणायची, तर सुमारे 12 लाख जूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हवेच्या रोधात जाणारा थोडा वाटा सोडला, तर बाकी सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेत चार लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. आणि हे होतं जेमतेम तीन सेकंदांत. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचं इंजिन जो वेग कमवायला अर्धा मिनिट घेतं, तो ब्रेक सुमारे पाचशे अश्वशक्तीच्या दराने गिळतात. त्यातही ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे येत असल्यामुळे यातला बहुतेक भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. एका फेरीत असं चार-पाच वेळा, आणि मधे थंड व्हायला उसंत नाही. घाटात उतरतानाही ब्रेक तापतात, पण तिथे गिअर मदतीला असतो आणि वेग निम्म्यानेही नसतो.

डिस्क ब्रेक गाड्यांमध्ये रुजला तोच मुळी या तापामुळे. 1953 साली ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइपने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून बाजी मारली. ड्रम ब्रेकच्या गाड्या जिथे लवकर वेग कमी करत होत्या, तिथे ही गाडी शेवटपर्यंत उशिरा ब्रेक मारू शकत होती. चाकाबरोबर उघड्यावर फिरणारी डिस्क वाऱ्याने निवते, बंद ड्रम निवत नाही, एवढाच फरक होता.

आता कॅलिपरकडे येऊ. डिस्कला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, आत पिस्टन असलेला जो धातूचा ठोकळा, तो कॅलिपर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो सरकता असतो. म्हणजे पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड, म्हणजे घर्षणाचा ठोकळा, डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. स्वस्त, हलकी आणि रस्त्यासाठी अगदी पुरेशी रचना आहे ही. ट्रॅकवर मात्र तिचे दोन मर्मभाग उघडे पडतात: पिना आणि पिस्टनभोवतीचं सील.

हे सील हातात घेऊन बघण्यासारखं आहे. पिस्टनभोवती बसणारं रबरी कडं, पण त्याचा छेद गोल नसून चौकोनी. कॅलिपरच्या भोकात कोरलेल्या खाचेत ते बसतं आणि पिस्टनला घट्ट मिठी मारतं. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो. सील जागच्या जागी किंचित पिळवटतं. पेडल सोडलं की पीळ सुटतो आणि सील पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. ब्रेक सुटणं म्हणतात ते एवढंच. कुठे स्प्रिंग नाही, कुठे लिव्हर नाही. गाडी मोकळी पळते ती या पिळाच्या जोरावर.

आणि नेमकं हेच रबर उष्णतेने मरतं. सुमारे 150 अंशांपर्यंत ते निवांत असतं. त्यावर वारंवार गेलं की कडक होत जातं, पीळ घेईनासं होतं. मग पिस्टन मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, घासण्याने ताप वाढतो आणि तापाने सील आणखी कडक होतं. बाहेरचा धुळीचा रबरी बूट याआधीच जळून चिरलेला असतो. त्या चिरेतून पाणी आत जातं, पिस्टनवर गंज धरतो आणि पुढच्या पावसाळ्यात गॅरेजवाला चाक हाताने फिरवून बघतो व सांगतो, “दादा, कॅलिपर जाम आहे.” लोक दोष पावसाला देतात. सुरुवात झालेली असते ट्रॅकवर.

झीज ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवायचे. आतला आणि बाहेरचा यांच्या जाडीत दोन मिलिमीटरहून अधिक फरक दिसला, तर सरकणाऱ्या पिना अडकताहेत असं समजावं. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, म्हणजे तिरका झिजलेला असेल, तर पिनांना ढिलाई आली आहे किंवा कॅलिपरचा सांगाडाच दाबाखाली फाकतो आहे. पिना स्वच्छ करून पुन्हा बसवताना ग्रीस सिलिकॉनचंच हवं. इथे मी हट्टी आहे, कारण साध्या ग्रीसने किंवा पेट्रोलने धुतल्याने हे रबर फुगतं, आणि आपल्याकडे पेट्रोलचा डबा व ब्रश हा कुठल्याही सफाईचा पहिला उपाय असतो. सील बसवताना त्याला ताजं ब्रेक ऑइल चोळायचं, दुसरं काही नाही. सील आणि बुटांचं कॅलिपर किट स्वस्त असतं. नियमित ट्रॅकवर जाणाऱ्याने ते बिघाडाची वाट न बघता बदलत राहावं.

यानंतर येतो मोठ्या, रंगीत, चार पिस्टनवाल्या कॅलिपरचा मोह. ट्रॅकवर एकदा पेडल तळाला गेलं की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस थेट लाखाच्या घरातलं किट मागवतो. बहुतेक वेळा हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होतं. पेडल मऊ पडून खोल जात असेल, तर ऑइल उकळलंय. त्यात वाफेचे बुडबुडे झालेत आणि पाय बुडबुडे दाबतोय. उलट पेडल दगडासारखं घट्ट असून गाडी थांबत नसेल, तर पॅड तापून हरलेत. दोन्हींत कॅलिपर निर्दोष असू शकतो.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ही गोष्ट कोकणपट्टीत तर विसरूच नये. डॉट 4 दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की हीच किमान मर्यादा 155 अंशांवर येते. शर्यतीसाठीची ऑइल ताजी असताना 300 अंशांच्या पुढे जातात, पण तीही शिळी होतात. म्हणून सुधारणांचा क्रम ठरलेला आहे. आधी नवं ऑइल आणि चारही चाकांच्या ब्रेकमधून नीट काढलेली हवा, मग जास्त ताप झेलणारे पॅड, मग बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत नेलेली हवेची नळी. या तिन्हींवर मोठ्या किटच्या तुलनेत किरकोळ खर्च होतो, आणि हौशी चालकांपैकी बहुतेकांची गरज इथेच संपते, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांची संपत नाही, त्यांनी एक आकडेमोड करून बघावी. सरकत्या कॅलिपरमधल्या 54 मिलिमीटर व्यासाच्या एका पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे 2290 चौरस मिलिमीटर भरतं. चार पिस्टनच्या स्थिर कॅलिपरमध्ये दाबाचा हिशेब एकाच बाजूच्या दोन पिस्टनवर होतो. ते 38 मिलिमीटरचे असतील तर दोघांचं मिळून 2268. म्हणजे पायाचा जोर तोच असेल, तर डिस्कवरची पकड जवळपास तेवढीच! मग पैसे कशाचे? सांगाडा फाकत नाही, म्हणून पेडल घट्ट आणि बोलकं राहतं. पॅड मोठा बसतो आणि सारखा झिजतो. चांगल्या कॅलिपरमध्ये तिरकी झीज टाळायला दोन पिस्टन मुद्दाम लहान-मोठे ठेवलेले असतात. सोबत येणारी जाड, मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते. दहाव्या फेरीला ब्रेक पहिल्या फेरीसारखाच लागतो, हे या पैशाचं खरं मोल. गाडी कमी अंतरात थांबेल ही अपेक्षा ठेवू नये. जुने ब्रेक जर चाक लॉक करू शकत होते, एबीएस जागं करू शकत होते, तर थांबण्याचं अंतर टायरच्या हाती आहे.

हाच हिशेब चुकला तर पदरमोड करून नुकसान होतं. 38 ऐवजी 42 मिलिमीटरचे पिस्टन घेतले तर क्षेत्रफळ मूळच्यापेक्षा 21 टक्क्यांनी वाढतं. पेडलमागून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच असल्यामुळे तेवढं ऑइल ढकलायला पेडल जास्त खोल जातं. शिवाय पुढचे ब्रेक गरजेपेक्षा आधी लॉक होऊ बघतात, मागचे पुरते कामालाच लागत नाहीत आणि गाडी आधीपेक्षा लांब जाऊन थांबते. म्हणून किट घेताना रंगाआधी पिस्टनचे व्यास विचारावेत. विक्रेत्याला ते सांगता आले नाहीत, तर व्यवहार तिथेच थांबवावा. चाकाच्या आत कॅलिपर मावतो का, हे पुठ्ठ्याचा साचा कापून आधी बघावं; पंधरा इंची चाकात मोठं किट बहुधा मावत नाही.

निव्वळ शर्यतीसाठी बनलेल्या अनेक कॅलिपरना धुळीचे बूट नसतात, कारण ते जळूनच जातात. असे कॅलिपर रोज रस्त्यावर वापरायचे तर ते वारंवार उघडून साफ करावे लागतात. ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीचा कारखाना चाकणला आहे, पण तिथे भर दुचाकींच्या ब्रेकवर आहे. मोटारीची किट बहुतेक बाहेरून येतात आणि नावाजलेल्या ब्रँडच्या बनावट मालाचा सुळसुळाट आहे. मूळ कॅलिपरवर चिकटवायची लाल झाकणं तर ट्रॅकवर न्यायचीच नाहीत. ती वारा अडवतात आणि ज्या सीलबद्दल वर इतकं लिहिलं, त्याच्याच मुळावर येतात.

ट्रॅकवरची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारावी. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ओंडका लावावा; तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला की त्याचा थर तिथे चिकटतो आणि पुढे पेडल थरथरत राहतं. डिस्कवर केसासारख्या बारीक चिरा दिसल्या तर घाबरायला नको, पण एखादी चीर कडेपर्यंत पोचली असेल तर ती डिस्क बाद. घरी निघण्यापूर्वी ट्रॅकचे पॅड काढून रस्त्याचे घालावेत. ट्रॅकचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि एक्स्प्रेसवेवर टोलनाक्यापाशी पहिला ब्रेक थंड पॅडवरच लागतो. आपल्याकडच्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपलाच, हे धरूनच ब्रेकचं बजेट आखावं.