जुन्नर-आंबेगावची जलवास्तू आणि तिचा पाणलोट

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या कण्याला टेकून वसले आहेत. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांचे उगम याच पट्ट्यातले. घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने उणावतो. माथ्यावरचे पाणीही कातळावरून वाहून जाते आणि उन्हाळ्यात तिथल्याच वाड्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. पाणी दगडात राखून ठेवण्याची विद्या या मुलखात दोन हजार वर्षे टिकली, ती या गरजेपोटी.

या विद्येचे सर्वांत जुने रूप म्हणजे पोढी, अर्थात कातळात खोदलेले टाके. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत उतरत असे. घाटाच्या तोंडाशी सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि तिथेच वाटसरूंसाठी टाकीही कोरलेली आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखांत लेण्यांबरोबर पोढ्यांच्या दानाचीही नोंद आढळते. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीच्या डोंगरात एक पोढी आणि मंडप करवला. त्या लेखात वर्ष ४६ दिले आहे. ते शक संवताचे धरल्यास इ. स. १२४ येते. राजाचा अमात्य आपले नाव पाण्याच्या टाक्यावर कोरून ठेवतो, यावरून त्या काळी या दानाचे मोल काय होते ते कळते.

पोढीची रचना नीट न्याहाळण्यासारखी आहे. लेण्याच्या दर्शनी भागाशेजारी एक कोनाडा कोरलेला असतो आणि त्याच्या तळाशी लहानसे चौकोनी तोंड. आत मात्र कातळ पोखरून टाके ऐसपैस केलेले असते. तोंड लहान आणि वर दगडाचे छत, त्यामुळे ऊन आत शिरत नाही व बाष्पीभवन कमी होते. टाके फार मोठे असेल तर छताला आधार म्हणून मूळ दगडाचेच खांब राखतात. त्याला खांबटाके म्हणतात. कड्यावरून उतरणारे पावसाचे पाणी पन्हळीने टाक्यात वळवलेले असते. ही पन्हळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते, पण माझ्या मते सगळी करामत तिच्यातच आहे. ती मातीने बुजली की टाके कितीही शाबूत असो, त्याचे काम संपले.

पुढे गडांनी हीच पद्धत उचलली. चावंडवर सात टाक्यांचा समूह आहे. सप्तमातृकांच्या नावाने तो ओळखला जातो. शिवनेरीवर गंगा-जमुना ही जोडटाकी आणि बदामी तलाव आहे. गडावर पाणी नसेल तर तट-बुरूज कुचकामी, हे गड बांधणारे पक्के जाणून होते.

सपाटीवर बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे दुसरे रूप. ‘अपराजितपृच्छा’ या शिल्पग्रंथात वापींचे, म्हणजे अशा विहिरींचे, चार प्रकार सांगितले आहेत: एका बाजूने उतरता येणारी नंदा, दोन बाजूंची भद्रा, तीन बाजूंची जया आणि चारही बाजूंनी प्रवेश असलेली विजया. आंबेगाव तालुक्यात मंचरला जुनी बारव आहे. बारवेच्या पायऱ्यांमुळे पाण्याची पातळी खाली गेली तरी माणूस घागर घेऊन तिथवर पोचू शकतो. भिंतींतले देवकोष्ठ पाहिले की पाणवठा हे देवस्थानही होते, हे ध्यानात येते.

आता जतनाविषयी. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद १९५८च्या कायद्यात २०१०च्या दुरुस्तीने आली. इमारतीसाठी हे वर्तुळ ठीक आहे. पाणी मात्र वर्तुळ पाहून येत नाही, ते उतारावरून येते. पोढीचा जीव वरच्या कड्यात आणि बारवेचा जीव आजूबाजूच्या शेतांखालच्या भूजलात असतो. नारायणगावच्या परिसरात द्राक्षे आणि टोमॅटो पिकतात. अशा बागायती पट्ट्यात कूपनलिका खोल गेल्या की उथळ झरे आटतात, आणि बारवेचे चिरे कितीही निगुतीने बसवले तरी पाणी परत येत नाही.

दुरुस्तीतही उत्साहाने हानी होते. जुन्या दरजांत, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत, सिमेंट भरले की मागच्या मातीतल्या ओलीला वाट उरत नाही. पाण्याचा दाब वाढून भिंतीला पोट येते, क्षार साचून दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या दरजा ओल बाहेर जाऊ देतात. गाळ उपसतानाही थरांकडे लक्ष हवे, कारण त्यांत मूर्तींचे तुकडे आणि खापरे सापडू शकतात. यंत्राचा पंजा ते पाहत नाही.

युनेस्कोने १९९२ साली ‘सांस्कृतिक भूदृश्य’, म्हणजे माणूस आणि निसर्ग यांनी मिळून घडवलेला परिसर, ही संकल्पना स्वीकारली आणि जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत शिवनेरीचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सांस्कृतिक भूदृश्याची हीच दृष्टी पाण्याला लावली तर देवराया, भातखाचरे आणि महादेव कोळी वस्त्यांची हिरड्याची झाडे हीसुद्धा जलवास्तूचीच अंगे ठरतात. आहुप्यासारख्या देवराईची मुळे माती धरतात, म्हणून खालच्या झऱ्यात गाळ कमी उतरतो. उतार सुटला तर काय होते, हे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावाने पाहिले. त्या दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गेली.

तेव्हा जलवास्तूंच्या नोंदणीत वास्तूच्या मापांबरोबर पन्हळींचा मार्ग, वरच्या उताराची हद्द आणि दर महिन्याची पाणीपातळीही लिहिली जावी. पन्हळी मोकळ्या करण्याचे काम वैशाखात उरकावे, मृगाचा पहिला पाऊस पडण्याआधी.