भौतिकशास्त्राच्या मुलीला होमर कशाला?

मुलगी भौतिकशास्त्र शिकायला अमेरिकेत चाललीय आणि पहिल्या सहामाहीच्या वाचनयादीत होमरचं ‘इलियड’? आमच्या शेजारच्या काकांना ती छपाईची चूक वाटली. चूक नव्हती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात पहिल्या वर्षी साहित्याचा हा वर्ग सगळ्यांनाच असतो, मुख्य विषय काहीही असो.

घोटाळा या शिक्षणपद्धतीच्या नावापासूनच सुरू होतो. ‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की आपल्याला अकरावीची आर्ट्स आठवते. सायन्सला टक्के कमी पडले की घ्यायची ती. मध्ययुगीन युरोपात या नावाखाली सात विद्या होत्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. शेवटच्या चारही तेव्हा गणितातच मोडत, संगीतसुद्धा. तेव्हा भौतिकशास्त्र इथे उपरं नाही.

‘म्हणजे बारावीचीच उजळणी,’ हा काकांचा पुढचा मुद्दा. कोलंबियातला ‘समकालीन संस्कृती’चा वर्ग १९१९ साली, पहिल्या महायुद्धाच्या पाठोपाठ सुरू झाला. आजही वीस-बावीस जण टेबलाभोवती बसतात, वाचून आलेल्या ग्रंथावर वाद घालतात आणि निबंध लिहितात. ‘टिपा लिहा’ची उत्तरं घोकून आलेल्याची तिथे चांगलीच पंचाईत होते.

हे सगळीकडे असंच असतं असंही नाही. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये असे सक्तीचे सामान्य विषय काढूनच टाकले. लेखनाची अट तेवढी आहे. बहुतेक कॉलेजं या दोन टोकांच्या मधली: मानव्यविद्या, समाजशास्त्रं, विज्ञान, गणित अशा प्रत्येक गटातून एक-दोन विषय आपण निवडायचे. म्हणून प्रवेश घेण्याआधी त्या-त्या कॉलेजचे नियम वाचावेत, मावसभावाचा अनुभव नव्हे.

फी वाया जाते का? चार वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिटची. त्यात पुष्कळ ठिकाणी एकच विषय दोन्हीकडे धरला जातो. भौतिकशास्त्रासाठी घेतलेल्या कॅलक्युलसने गणिताची अटही भागते. मात्र ‘पास झालं की बस’ हे खरं नाही. या विषयांचे ग्रेडही सरासरीत तसेच धरले जातात.

परकीय भाषेची अट ऐकून काका पुन्हा दचकले. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्याला कोलंबियात ती माफ होऊ शकते. काकांनी मुलीला हट्टाने इंग्रजी माध्यमात घातलं होतं. ते जरा गप्प झाले.

आणि हो, कोलंबिया कॉलेजात पदवीसाठी पोहावंही लागतं: ७५ यार्ड, न थांबता, हवं तसं. इंजिनिअरिंगवाल्यांना ही अट नाही. ही एवढीच गोष्ट काकांना विनातक्रार पटली. मुलगी आजोळच्या विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली आहे.