नाव खरवडलेल्या तबकड्या

आपल्याकडे गाण्याची चर्चा होते ती बहुधा शब्दांची. शाहिराने कोणावर आघात केला, बाबासाहेबांचा विचार किती नेमका मांडला, यावर निबंध लिहिले जातात. पण ते गाणे पहिल्यांदा कोणी ऐकले, कोणाच्या पसंतीमुळे ते टिकले, कोणत्या यंत्रातून ते लोकांपर्यंत गेले आणि त्याचे पैसे कोणाच्या खिशात पडले, हे प्रश्न आपण गौण समजून बाजूला ठेवतो. मीही ठेवत आलो होतो. माझ्या हातून एक चूक घडली, ती शेवटी सांगणार आहे. तिच्यामुळे मी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाकडे वळलो आणि तेथे जमैकाच्या कच्च्या तबकड्यांपाशी येऊन थांबलो.

जमैकाच का, असे कोणी विचारील. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतले आणि तेव्हापासून अमेरिकेतील काळ्यांचे साहित्य हा आपल्या चर्चेचा विषय झाला. ते योग्यच झाले. पण अमेरिकेच्या दक्षिणेस, क्यूबाच्या खाली असलेल्या या लहानशा बेटावर उसाच्या मळ्यांतील गुलामांच्या वंशजांनी जगाचे कान बदलून टाकले, याची दखल आपण घेतली नाही. बॉब मार्लेचे चित्र छापलेला सदरा आमचे विद्यार्थी घालतात, एवढाच काय तो संबंध.

प्रथम ही कच्ची तबकडी म्हणजे काय ते पाहू. बाजारात मिळणारी रेकॉर्ड व्हिनाइलची असते. मूळ तबकडीवरून निकेलचा साचा काढतात आणि त्या साच्यात दाबून हजारो प्रती काढतात. कच्ची तबकडी, जिला तिकडे अ‍ॅसिटेट म्हणतात, ती अशी दाबलेली नसते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा मऊ लेप असतो. गाणे वाजत असतानाच कोरणीचे यंत्र त्या लेपात चर पाडत जाते. तीन मिनिटांचे गाणे कोरायला तीन मिनिटेच लागतात, आणि निघते ती एकच प्रत. लेप मऊ असल्याने प्रत्येक वेळी सुई फिरली की चर थोडा झिजतो. काही डझन वेळा वाजवली की वरचे सूर पुसट होतात आणि खरखर वाढते. लेपाला लवचीकपणा यावा म्हणून त्यात एरंडेल घालत असत. वर्षे गेली की तो स्निग्धांश पांढऱ्या भुकटीच्या रूपाने बाहेर येतो, लेप आक्रसतो आणि चकतीवरून पोपडे सुटावेत तसा सुटतो. थोडक्यात, ही वस्तू टिकण्यासाठी केलेलीच नव्हती. गाणे बाजारात आणण्यापूर्वी ते कसे वाटते हे पाहण्याचा तो नमुना होता.

हा नमुना ऐकून निर्णय कोण करी, हा खरा प्रश्न आहे. लंडन-न्यूयॉर्कमध्ये तो कंपनीच्या बंद खोलीत, खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्यांपुढे वाजे. किंग्स्टनमध्ये तो भर रात्री, उघड्या आवारात, नाचणाऱ्या गरिबांच्या गर्दीपुढे वाजे. जमैकाचे संगीत जे झाले ते या एका फरकामुळे झाले, असे माझे मत आहे.

जमैकात गुलामगिरी १८३८ साली पूर्णपणे संपली, पण जमीन आणि प्रतिष्ठा वरच राहिली. गोऱ्यांच्या खाली उजळ तपकिरी, त्यांच्या खाली काळे, अशी रंगाची उतरंड होती. रंग म्हणजे जात नव्हे, दोहोंची सरसकट बरोबरी मी करत नाही. तरी वरच्याला वंदन आणि खालच्याला लाथ हा उतरंडीचा गुण दोन्हीकडे सारखाच आहे. वाद्यवृंद असलेले क्लब वरच्या वस्तीत होते. पश्चिम किंग्स्टनच्या पत्र्याच्या झोपड्यांतल्या माणसाला ते परवडणारे नव्हते. रेडिओ जमैका १९५० साली सुरू झाला, पण त्याची अभिरुची साहेबाच्या दिवाणखान्याची होती. तेव्हा खालच्या लोकांनी आपली सोय आपणच केली. कपाटाएवढ्या लाकडी खोक्यांत लाउडस्पीकर बसवायचे, ॲम्प्लिफायर जोडायचा, कुंपण घातलेल्या आवारात रेकॉर्डी लावायच्या, दाराशी थोडे पैसे घ्यायचे आणि बिअर विकायची. याला साउंड सिस्टिम म्हणत. आरंभीच्या गाजलेल्यांपैकी एक टॉम वाँग हा चिनी वंशाच्या कुटुंबातला होता. त्याच्यामागून आलेले ड्यूक रीड आणि क्लेमेंट डॉड ऊर्फ कॉक्सन हे पन्नाशीच्या दशकातले दोन बडे प्रतिस्पर्धी. रीड पूर्वीचा पोलीस, कमरेला पिस्तूल लावून फिरणारा, दारूच्या दुकानाचा मालक. डॉड अमेरिकेत ऊसतोडीच्या मजुरीला जाऊन आलेला.

ते वाजवत ते संगीत अमेरिकन काळ्यांचे, ऱ्हिदम अँड ब्लूज. जो अमेरिकेतून दुर्मिळ रेकॉर्ड आणील त्याच्याकडे गर्दी वळे. म्हणून रेकॉर्ड आणली की तिच्यावरचे लेबल खरवडून टाकायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नाव कळणार नाही. विलिस जॅक्सन या सॅक्सोफोनवादकाची एक रेकॉर्ड डॉडने अशीच खरवडली, तिला स्वतःच्या नावावरून ‘कॉक्सन हॉप’ म्हटले आणि अनेक महिने तिच्यावर राज्य केले. पुढे रीडला ती सापडली आणि एका रात्री त्याने ती आपल्या आवारात लावली, तेव्हा डॉडला भोवळच आली असे सांगतात. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या सामन्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. मला तो प्रथम वाचताना फार मौजेचा वाटला. नंतर लक्षात आले, खरवडलेले नाव एका काळ्या वादकाचे होते.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन बाजार रॉक अँड रोलकडे वळला. किंग्स्टनच्या लोकांना मात्र जुनाच ठेका हवा होता, आणि त्या ठेक्याच्या नव्या रेकॉर्डी येईनात. तेव्हा डॉड आणि रीड यांनी स्थानिक वादकांना गोळा करून केन खौरी यांच्या स्टुडिओत गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. हे विक्रीसाठी नव्हते. एकदोन कच्च्या तबकड्या कोरायच्या आणि त्या फक्त आपल्या आवारात वाजवायच्या, एवढाच बेत. गर्दीने ओरडून पुन्हा मागितली तर तबकडी राहायची, पाय थांबले तर ती कोपऱ्यात जायची. पियानोवादक थिओफिलस बेकफर्डचे ‘ईझी स्नॅपिन’ हे गाणे १९५६च्या सुमारास मुद्रित झाले आणि १९५९ साली विक्रीला आले. मधली वर्षे ते ऐकायचे तर डॉडच्या नाचालाच जावे लागे.

या गाण्यात पुढच्या साऱ्या संगीताचे बीज आहे. ‘एक-आणि-दोन-आणि’ असे मोजले तर अमेरिकन ठेक्याचा जोर आकड्यांच्या आसपास घोटाळतो. बेकफर्डचा पियानो मधल्या ‘आणि’वर जोर देतो. ही मधली रिकामी जागा नाचणाऱ्यांच्या पायांना सापडली आणि त्यांनी ती सोडली नाही. १९६२ साली देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास तिचा स्का झाला, मग गती मंदावून रॉकस्टेडी, आणि १९६८च्या सुमारास रेगे. संगीताच्या कोणत्याही विद्यालयाने हा निर्णय केलेला नाही.

दुसरी मोठी घटना तर चुकीतून घडली. रडी रेडवुड नावाचा स्पॅनिश टाउनचा एक साउंड सिस्टिमवाला १९६७-६८च्या सुमारास रीडच्या स्टुडिओत कच्ची तबकडी कोरून घ्यायला गेला. गाणे पॅरगन्स या गायकत्रयीचे ‘ऑन द बीच’ होते. कोरताना तंत्रज्ञाकडून आवाजाची पट्टी लावायची राहिली आणि नुसते वाद्यसंगीत कोरले गेले. तबकडी फेकून देण्याऐवजी रेडवुडने ती नेली. आवारात आधी शब्दांचे गाणे लावले आणि त्याच्या पाठोपाठ हे मुके गाणे. गर्दीने मुक्या गाण्यावर स्वतःच शब्द म्हणायला सुरुवात केली. रात्रभर तेच चालले.

ही बातमी ऑस्बर्न रुडॉक ऊर्फ किंग टबीपर्यंत गेली. हा माणूस मुळात रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा. वॉटरहाउस या गरीब वस्तीतल्या आपल्या घरात त्याने सत्तरीच्या दशकाच्या आरंभी एक जुने चार-पट्ट्यांचे मिश्रणयंत्र बसवले. गायकाचा आवाज क्षणभर येऊ द्यायचा आणि कापायचा, ढोलाचा एकच ठोका प्रतिध्वनीत सोडून द्यायचा, सारी वाद्ये काढून नुसता बास ठेवायचा, असे तो करी, आणि हे सारे कोरणी फिरत असतानाच. त्यामुळे दोन तबकड्या सहसा सारख्या निघत नसत. याला डब म्हणू लागले आणि तबकडीला डबप्लेट. गाणे हे पूर्ण झालेली वस्तू नसून पुन्हा उघडून जोडता येणारे यंत्र आहे, ही कल्पना येथून आली. आज जगातील कोणताही ध्वनिमुद्रक ती गृहीत धरून चालतो. मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हाताचे ज्ञान हलके आणि डोक्याचे ज्ञान थोर, ही विभागणी आपल्या समाजव्यवस्थेने हजारो वर्षे जोपासली. येथे कथील-डाग लावणाऱ्या हातांनी संगीतशास्त्राला नवा अध्याय दिला. टबीचा १९८९ साली घराबाहेर गोळ्या घालून खून झाला.

मुक्या जागेत शब्द यायचे ते आलेच. टबीच्या साउंड सिस्टिमवर यू-रॉय हा निवेदक तालात बोले. १९७० साली त्याने रीडसाठी जुन्या गाण्यांच्या मुक्या प्रतींवर आपले बोलणे मुद्रित केले आणि त्या रेकॉर्डींनी जमैकाच्या विक्रीयादीतील वरच्या जागा एकदमच पटकावल्या. बतावणीची सवय असलेल्या आपल्या कानांना हे परके वाटू नये. किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कँपबेल ऊर्फ कूल हर्क १९६७ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये गेला, आणि ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने भरवलेल्या मेळाव्यात त्याने रेकॉर्डी वाजवल्या. रॅप आणि हिप-हॉपचा आरंभ लोक त्या दिवसापासून मोजतात. हर्क रेकॉर्डी पाण्यात भिजवून त्यांची लेबले काढून टाकी. किंग्स्टनची सवय ब्राँक्सपर्यंत गेली होती. लंडनच्या काळ्या वस्त्यांतूनही डबप्लेटची परंपरा नव्वदीच्या जंगल संगीतापर्यंत चालली.

येथवर गौरव झाला. आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर आपण स्वतःशीच अप्रामाणिक होऊ. साउंड सिस्टिमचा मालक काळा होता, वादकही काळा होता, पण हिशेब गोरा-काळा दोघांना सारखा लागू पडेल असाच होता. वादकाला त्या दिवसाची मजुरी मिळे आणि गाणे मालकाचे होई. ‘ओ कॅरोलिना’ या गाण्याचे उदाहरण घ्या. प्रिन्स बस्टर याने १९६० साली फोक्स बंधूंकडून ते गाऊन घेतले आणि साथीला काउंट ऑसीच्या रास्ताफारी ढोलवाल्यांना बसवले. रास्ताफारी म्हणजे तेव्हा सभ्य समाजाने वाळीत टाकलेले लोक. त्यांचे ढोल स्टुडिओत आणणे हे धाडस होते आणि त्याचे श्रेय बस्टरचेच. पण गाणे कोणाचे, हा वाद पुढे अनेक वर्षे राहिला. १९९३ साली शॅगी या गायकाने ते पुन्हा गाऊन जगभर गाजवले आणि त्यात पैसा दिसू लागला, तेव्हा प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. १९९४ साली निकाल लागला की गाणे जॉन फोक्स यांचे. चौतीस वर्षांनी. ज्यांच्यामागे शॅगीसारखे नशीब उभे राहिले नाही, त्यांचे काय झाले असेल? बहिष्कृतांच्या संस्कृतीत आपोआप समता असते, हा भोळा समज आपणही सोडून दिलेला बरा.

२०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्या वारशाचा मूर्त भाग असलेल्या कच्च्या तबकड्या मात्र पोपडे सुटून संपत आहेत. राहिलेल्यांपैकी काही संग्राहकांच्या कपाटांत मोठ्या किमतीला जाऊन बसल्या आहेत. कोऱ्या चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने उरले होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. दुसरा जपानमध्ये आहे.

आता माझी चूक. ऐंशीच्या दशकात आमच्या वस्तीतील चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात एका शाहिराने एक नवे गाणे प्रथमच म्हटले. कागदावरची शाई वाळली नव्हती म्हणा ना. लोकांनी ते तीनदा म्हणायला लावले, आणि तिसऱ्या वेळी समोरच्या बायांनी धुवपदाचा शेवट आपल्या पद्धतीने ओढून म्हटला, तो शाहिराने तिथल्या तिथे उचलला. हे सारे माझ्या टेपरेकॉर्डरवर आले होते. पुढे ते गाणे पुस्तकात छापले गेले ते निराळ्या, घासूनपुसून नीट केलेल्या रूपात. पहिले रूप माझ्या फितीवर तेवढे होते. १९९० साली कोरी कॅसेट हाताशी नव्हती म्हणून मी तिच्यावर एका परिसंवादाचे अध्यक्षीय भाषण घेतले. त्या भाषणातले एकही वाक्य आज मला आठवत नाही.

ती कॅसेट मी अलीकडे पुन्हा लावली. भाषण संपते, टाळ्या होतात, आणि त्यानंतर फितीच्या टोकाला, जेथे नवे मुद्रण पोचले नाही तेथे, अर्धा मिनिट ढोलकी ऐकू येते. हात कसलेला आहे. वाजवणाऱ्याचे नाव मी कॅसेटवर लिहिले नव्हते.